वाचक विचारतात : वॉन विल्यम्स यांच्या नऊ सिंफनी

मागील अंकात इंग्लिश संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स (१८७२–१९५८) यांच्यावर एक छोटे टिपण छापले होते. त्यांनी नऊ सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या, अनेक भागांच्या मोठ्या रचना) लिहिल्या, पहिलीचे जाहीर वादन १९१० मध्ये आणि शेवटचीचे १९५८ मध्ये झाले, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतून असे दिसते की पुष्कळांनी टिपण वाचून थांबण्याऐवजी संगीत शोधून ऐकले आणि ऐकल्यावर त्यांना प्रश्न पडले. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : नऊ सिंफनींपैकी सुरुवात कोणत्या सिंफनीपासून करावी? पहिलीपासून क्रमाने ऐकणे योग्य ठरेल का? शिवाय या संगीतकारांच्या नावाचा उच्चार प्रत्येक निवेदक वेगळा करतो, तो नेमका कसा करावा?

उत्तर : नावाचे आधी पाहू. 'राल्फ' असे छापले जात असले तरी ते स्वतः आपल्या नावाचा उच्चार 'रेफ' असा करीत आणि इतरांनीही तसाच करावा असा त्यांचा आग्रह असे. 'वॉन विल्यम्स' हे दोन शब्दांचे एकच आडनाव आहे, त्यामुळे त्यांचा उल्लेख नुसता 'विल्यम्स' असा करणे चुकीचे ठरते.

क्रमाने ऐकण्याचा हट्ट मात्र धरू नये. पहिली 'सी सिंफनी' (सी म्हणजे समुद्र) सुमारे सत्तर मिनिटांची आहे आणि तीत अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत समूहगायक आणि दोन एकल गायक गातात. १२ ऑक्टोबर १९१० रोजी, म्हणजे आपल्या अडतिसाव्या वाढदिवशी, संगीतकारांनी स्वतः लीड्स येथे तिचे संचालन केले. तिचा आरंभ दणदणीत आहे, पितळी वाद्यांच्या ललकारीनंतर गायकवृंद 'पाहा, हा समुद्र' असे म्हणतो आणि कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह) एकदम बदलून डोळ्यांपुढे क्षितिज उघडते. परंतु शेवटचा भाग लांबतो, आणि नव्या श्रोत्याचा धीर तेथे सुटण्याची शक्यता आहे.

माझे मत विचाराल तर पाचवीपासून सुरुवात करावी. तिच्या पहिल्या काही क्षणांतच या संगीतकाराचे मर्म हाती लागते. चेलो आणि डबल बास खाली एक स्वर धरून राहतात आणि वर दोन हॉर्न हळुवार हाक देतात, पण ती हाक त्या खालच्या स्वराला षड्ज मानत नाही. हॉर्नचा षड्ज खरा धरला तर खालचा स्वर कोमल निषाद ठरतो, आणि खालचा स्वर षड्ज धरला तर हॉर्न परक्या घरात गात आहेत असे वाटते. निषादावर जुळवलेल्या तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे फारसे अवघड वाटणार नाही. हा निवाडा संगीतकार घाईने करत नाहीत, आणि सिंफनी संपत येते तेव्हा ती हाक परत येते व मग कोठे सगळे स्वर एका षड्जाखाली निवांत होतात. ही सिंफनी २४ जून १९४३ रोजी, ऐन युद्धात, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम वाजली. ज्या क्वीन्स हॉलमध्ये त्यांच्या आधीच्या तीन सिंफनींची पहिली वादने झाली होती, तो १९४१ मध्येच बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता. संचालनाला सत्तर वर्षांचे संगीतकार स्वतः उभे होते, आणि सिंफनी त्यांनी फिनलंडचे संगीतकार सिबेलियस यांना 'परवानगी न घेता' अर्पण केली होती.

पाचवीनंतर, शक्य तर दुसऱ्या दिवशी, चौथी ऐकावी. एकाच माणसाने या दोन्ही लिहिल्या यावर विश्वास बसत नाही. चौथी १० एप्रिल १९३५ रोजी वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्ट यांनी प्रथम सादर केली. तिची सुरुवात एकमेकांना खेटून असलेल्या दोन स्वरांच्या टकरीने होते, शुद्ध ऋषभ वगळून षड्ज आणि कोमल ऋषभ एकाच वेळी पूर्ण वाद्यवृंदाने ओरडावेत तशी. ही कल्पना आपण बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागावरून उचलली, असे ते मोकळेपणाने सांगत. हे संगीत आपल्याला आवडते की नाही हे ठाऊक नाही, पण त्या वेळी म्हणायचे होते ते हेच, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांनी स्वतः १९३७ मध्ये केलेले या सिंफनीचे ध्वनिमुद्रण आजही मिळते. त्यातील वेग ऐकला की म्हाताऱ्या, प्रेमळ, ढगळ कोटातल्या संगीतकाराचे छापील चित्र मनातून पुसले जाते.

प्रश्न : मी गायन शिकते. या संगीतकारांच्या काही सुरावटी ऐकताना ओळखीचे थाट भेटल्यासारखे वाटतात. हा माझ्या कानाचा भास आहे की त्याला काही कारण आहे?

उत्तर : कारण आहे. डिसेंबर १९०३ मध्ये एसेक्स परगण्यातील इन्ग्रेव्ह या खेड्यात एका वृद्ध मजुराने त्यांना 'बुशेस अँड ब्रायर्स' हे लोकगीत गाऊन दाखवले, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत त्यांनी आठशेहून अधिक लोकगीते गोळा केली. त्यांतील पुष्कळ गीते मेजर आणि मायनर या दोन परिचित स्वरसप्तकांत बसत नाहीत, ती युरोपच्या जुन्या 'मोड'मध्ये आहेत. या मोडची स्वररचना आपल्या थाटांशी जुळते. डोरियन म्हणजे काफी थाटाचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, एओलियन म्हणजे आसावरीचे आणि फ्रिजियन म्हणजे भैरवीचे. त्यांची १९१० मधील सोळाव्या शतकातील इंग्लिश संगीतकार थॉमस टॅलिस यांच्या सुरावटीवरील फँटसिया ही सिंफनी नव्हे, पण भैरवीचे स्वर इंग्लिश तंतुवाद्यांवर कसे उमटतात हे ऐकायचे असेल तर ती अवश्य ऐकावी.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जुळतात ते स्वर, राग जुळत नाही. वादी-संवादी, आरोह-अवरोहाचे नियम, विशिष्ट स्वरावरचा न्यास यांपैकी कशाचाही येथे संबंध नाही, आणि त्यांनी हे स्वर आपल्याकडून घेतले असे समजण्यास काहीही आधार नाही. शिवाय त्यांची सुरावट बहुधा एकटी चालत नाही. तिसऱ्या सिंफनीत तर तीन-तीन स्वरांच्या कॉर्ड एकाच दिशेने, एकाच पावलाने सरकतात, म्हणजे जणू सुरावटच जाड होऊन वाहते. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या स्वरमेळाच्या नियमांना हे धरून नाही. १९०७–०८ च्या हिवाळ्यात ते तीन महिने पॅरिसला फ्रेंच संगीतकार राव्हेल यांच्याकडे शिकत होते. राव्हेल यांच्याहून ते वयाने मोठे होते, ही गोष्ट मला त्या शिकण्याइतकीच लक्षणीय वाटते.

प्रश्न : तिसऱ्या सिंफनीचे नाव 'पास्टोरल' आहे. हिरवी कुरणे, मेंढरे, संथ नदी असे काहीसे अपेक्षित ठेवून मी ती ऐकली आणि मला ती उदास वाटली. माझे ऐकणे चुकले का?

उत्तर : आपले ऐकणे अजिबात चुकलेले नाही. ही सिंफनी २६ जानेवारी १९२२ रोजी प्रथम वाजली तेव्हा अनेक जाणकार मात्र चुकले. नावावर विसंबून त्यांनी तीत इंग्लंडमधले खेडे पाहिले. पावसाळी दिवशी नांगरलेल्या शेतात कोणी लोळत आहे असे एकाने म्हटले, तर या संगीतकारांच्या शैलीवर एका समकालीन संगीतकाराने मारलेला शेरा, की हे सगळे फाटकावरून पाहत उभ्या असलेल्या गाईसारखे वाटते, आजही प्रत्येक लेखात उद्धृत होतो. (चटकदार वाक्ये संगीतापेक्षा जास्त टिकतात, याचा हा वैतागवाणा नमुना आहे.)

वस्तुस्थिती अशी की या सिंफनीचे बीज उत्तर फ्रान्समध्ये, युद्धभूमीवर पडले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा वॉन विल्यम्स एक्केचाळीस वर्षांचे होते आणि त्या वयाच्या माणसावर सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती, तरीही ते वैद्यकीय दलात साधे शिपाई म्हणून भरती झाले. १९१६ मध्ये ते फ्रान्समध्ये एकोआव्र येथे रुग्णवाहिकेवर होते आणि जखमींना आणण्यासाठी रात्रीमागून रात्री गाडीबरोबर जात असत. तेथे टेकडीवरून सूर्यास्ताच्या वेळी दिसणारे विस्तीर्ण दृश्य त्यांच्या मनात राहिले. पुढे एका पत्रात त्यांनी स्पष्टच लिहिले, की लोक समजतात तशी ही बागडणाऱ्या कोकरांची सिंफनी नव्हे.

दुसऱ्या भागातील ट्रम्पेटचा एकल तुकडा नीट ऐकावा, कारण त्यामागे एक लहानशी गोष्ट आहे. छावणीत एक बिगुलवाला सराव करत असे आणि वरचा षड्ज गाठण्याऐवजी तो चुकून त्याखालच्या निषादावर जाऊन थांबत असे. ही चूक संगीतकारांच्या कानात राहिली. सिंफनीत त्यांनी हा तुकडा कळ नसलेल्या, बिगुलासारख्या साध्या ट्रम्पेटसाठी लिहिला आहे. अशा नळीतून फक्त निसर्गतः उमटणारे स्वरच निघतात आणि त्यांतला सातवा स्वर पियानोच्या कोमल निषादापेक्षा अर्धस्वराच्या जवळपास एक तृतीयांशाने उतरलेला असतो. पाश्चात्त्य श्रोत्याला तो किंचित बेसूर वाटतो. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला मात्र तो अतिकोमल निषादासारखा, म्हणजे मुद्दाम लावलेला वाटेल. त्या वेळी खाली तंतुवाद्ये एकच कॉर्ड धरून निश्चल असतात. पुढे हाच तुकडा हॉर्न पुन्हा म्हणतो आणि त्यावर क्लॅरिनेट गुंफले जाते. काही वाद्यवृंद हा तुकडा सोयीसाठी कळीच्या ट्रम्पेटवर वाजवून स्वर 'दुरुस्त' करतात, आणि तेथे सगळा अर्थच निसटतो.

शेवटच्या भागात ढोलाच्या अतिमंद घुमण्यावर एक स्त्रीचा आवाज दुरून येतो. तो शब्दांविना गातो, आणि सिंफनी संपताना तोच आवाज परत येऊन विरून जातो. त्याला शोकगीत म्हणावे का, हे आपण ठरवावे. तेथे शब्द दिलेले नाहीत, ते का दिले नसावेत हे युद्धाहून परतलेल्या माणसाच्या बाबतीत वेगळे सांगायला नको.

प्रश्न : दुसऱ्या, 'लंडन' सिंफनीची मूळ प्रत हरवली होती असे ऐकले. मग आज वाजते ती कोणती?

उत्तर : आज सामान्यतः वाजते ती संगीतकारांनी स्वतः अनेकदा कात्री लावून सिद्ध केलेली शेवटची आवृत्ती. ही सिंफनी २७ मार्च १९१४ रोजी प्रथम वाजली. त्यानंतर तिची पूर्ण प्रत जर्मनीला पाठवली गेली आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झाल्याने ती परत आली नाही. सुदैवाने वादकांच्या वेगवेगळ्या प्रती लंडनमध्ये होत्या, आणि त्यांवरून मित्रांच्या मदतीने सगळे संगीत पुन्हा लिहून काढले गेले. या मित्रांत जॉर्ज बटरवर्थ होते. केवळ वाद्यवृंदासाठी सिंफनी लिहावी ही कल्पनाही त्यांनीच वॉन विल्यम्स यांच्यासमोर मांडली होती. ऑगस्ट १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते मारले गेले, आणि ही सिंफनी त्यांच्या स्मृतीला अर्पण झाली.

पुढे १९३० च्या दशकापर्यंत वॉन विल्यम्स या सिंफनीला छाटत राहिले. १९१३ ची मूळ, लांब आवृत्ती संचालक रिचर्ड हिकॉक्स यांनी ध्वनिमुद्रित केली असून ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. कापलेल्या जागांत काही फार सुंदर संगीत आहे, तरी मला संगीतकारांची कात्री योग्य वाटते, विशेषतः शेवटच्या भागात.

ऐकताना वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवावे. पहिल्या भागाच्या आरंभी हार्पवर अर्ध्या तासाचे टोल येतात आणि शेवटच्या भागात पाऊण तासाचे, म्हणजे जवळजवळ पाऊण तास चालणाऱ्या या संगीतात घड्याळ फक्त पाव तास पुढे सरकते. दुसऱ्या भागात व्हायोलावर लॅव्हेंडर विकणाऱ्याची आरोळी आणि घोडागाडीच्या घुंगरांचा किणकिणाट आहे. तरीही ही सिंफनी शहराचे वर्णन म्हणून ऐकू नये असे ते म्हणत, 'एका लंडनवासीयाची सिंफनी' हे नाव त्यांना अधिक नेमके वाटे.

प्रश्न : सहाव्या सिंफनीचा शेवटचा भाग म्हणजे अणुयुद्धानंतरची निर्जन पृथ्वी, असे अनेक ठिकाणी वाचले. हे संगीतकारांनी म्हटले आहे का?

उत्तर : त्यांनी असे कोठेही म्हटलेले नाही, उलट असे कोणी म्हटले की ते चिडत. २१ एप्रिल १९४८ रोजी ही सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा हिरोशिमाला तीन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे श्रोत्यांना ते चित्र दिसले यात नवल नाही. परंतु तिचे काम १९४४ मध्येच सुरू झाले होते. माणसाला नुसतेच संगीत लिहावेसे वाटू शकते हे लोकांच्या लक्षातच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. खूप नंतर एका पत्रात त्यांनी शेवटच्या भागाच्या आशयाला सर्वांत जवळचे शब्द म्हणून शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधील प्रॉस्पेरोच्या ओळींकडे बोट दाखवले. आपण स्वप्नांच्याच द्रव्याने घडलो आहोत आणि आपल्या छोट्या आयुष्याभोवती निद्रेचे कडे आहे, असा त्या ओळींचा भाव आहे. हे शब्द त्यांनी १९५१ मध्ये समूहगायनासाठी स्वरबद्धही केले.

चित्र बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे, ते पुरेसे विलक्षण आहे. चारही भाग न थांबता एकामागून एक येतात. दुसऱ्या भागात ट्रम्पेट आणि ढोल दोन लघू आणि एक दीर्घ अशा ठोक्यांची तीच तीच खूण पुन्हा पुन्हा ठोकतात, आणि हा ठोका थांबावा असे वाटू लागले तरी तो थांबत नाही. तिसऱ्या भागात टेनर सॅक्सोफोन वेडावून दाखवल्यासारखा वाजतो. मग येतो शेवटचा भाग, ज्यात दहाएक मिनिटे सगळा वाद्यवृंद अतिमंद वाजवतो. आवाज कोठेही वाढवायचा नाही, अशी सूचना प्रतीत आहे. वादकांना हे जमवणे किती कठीण जाते हे वाद्यवृंदात बसलेल्या कोणालाही विचारावे. तंतुवाद्याचा गज अशा रीतीने धरून ठेवावा लागतो की तो हलतोही आणि बोलतही नाही. अखेरीस तंतुवाद्ये दोन कॉर्डमध्ये हेलकावत राहतात. या दोन कॉर्डमध्ये एकच स्वर समान आहे, बाकीचे दोन अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली होतात, आणि यांपैकी घर कोणते ते न ठरताच आवाज नाहीसा होतो.

प्रश्न : सातवी 'सिंफोनिया अंतार्तिका' चित्रपटाच्या संगीतावरून केली आहे. मग तिला सिंफनी म्हणावे का?

उत्तर : तिचे बरेचसे संगीत १९४८ च्या 'स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक' या चित्रपटातून आले आहे हे खरे. १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टर येथे जॉन बार्बिरोली यांनी ती सादर केल्यापासून हा वाद चालू आहे आणि मला त्यात फारसा रस नाही. तिसऱ्या भागात हिमनदीच्या कड्यासारखा ऑर्गन अंगावर कोसळतो, तेथे व्याख्येचा विचार करायला सवड राहत नाही. तीत वाजणारे वाऱ्याचे यंत्र म्हणजे लाकडी पट्ट्यांचा एक पिंप असतो. वर ताणलेल्या कापडाखाली तो फिरवला की घर्षणाचा घोंघावणारा आवाज निघतो, आणि हात जितका जोरात फिरेल तितका वारा चढतो. नावात दुसरा 'क' नाही ती छपाईची चूक समजू नये, तो शब्द इटालियन आहे.

प्रश्न : यांच्या बहुतेक सिंफनी ऐकताना शेवट कधी झाला हेच कळत नाही. टाळ्या कधी वाजवायच्या?

उत्तर : हा प्रश्न कदाचित गमतीने विचारला असेल, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. नऊपैकी सात सिंफनी विरत विरत संपतात. पहिलीत जहाज नजरेआड होते, दुसरीत धुक्यासारखी मंद कॉर्ड उरते, तिसरीत तो एकाकी आवाज, पाचवीत तंतुवाद्यांची शांती, सहावीत ते दोलायमान मौन, सातवीत वाऱ्याचे यंत्र आणि शब्दहीन गाणे. मोठ्याने संपतात त्या दोनच, दार आपटावे तशी चौथी आणि घंटा, झांजा व घण्टिकांच्या गजरात संपणारी आठवी. त्या आठवीसाठी ठोकून वाजणारी जी जी वाद्ये मिळाली ती सगळी त्यांनी गोळा केली होती आणि ती त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने लिहिली आहे, हे ऐकताना खरे वाटत नाही. सिंफनीला अधिकृत क्रमांक देण्याची सुरुवातही त्यांनी या आठवीपासूनच केली. त्याआधीच्या नावाने किंवा स्वराने ओळखल्या जात.

नववी २ एप्रिल १९५८ रोजी माल्कम सार्जंट यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रथम सादर केली. तीत तीन सॅक्सोफोन आणि एक फ्लूगेलहॉर्न (ट्रम्पेटसारखे, पण मऊ आवाजाचे पितळी वाद्य) आहे. टीकाकारांना ती जुनाट वाटली. सॉल्झबरीचे पठार, स्टोनहेंज आणि हार्डी यांची 'टेस' ही कादंबरी तिच्यामागे आहे, पण ते संदर्भ त्यांनी छापील प्रतीतून काढून टाकले. शेवटी पूर्ण वाद्यवृंदाची एक उजळ मेजर कॉर्ड तीनदा उसळते आणि प्रत्येक वेळी तिच्यातून सॅक्सोफोन वर येऊन ओसरतात. तिसऱ्या वेळी ओसरणे थांबत नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे, आणि येथे चांगला संचालक ते पुष्कळ वेळ वरच ठेवतो.

या सिंफनीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी २६ ऑगस्ट १९५८ ही तारीख ठरली होती आणि संगीतकार तेथे हजर राहणार होते. त्याच दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले. एड्रियन बोल्ट यांनी ध्वनिमुद्रण रद्द केले नाही. त्या ध्वनिमुद्रिकेच्या सुरुवातीला, संगीताच्या आधी, बोल्ट यांच्या आवाजातील एक छोटे निवेदन ऐकू येते.